कर्नलला शिस्त

३ मार्च, सोमवार
आमचा नवा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरू होता होताच बंद पडतो. का, ते कळत नाही. प्रत्येक भाग मनाला येईल ते स्क्रीनवर छापतो. नुसता मासळीबाजार. शुक्रवारी ग्राहकासमोर चालला नाही तर काम दुसऱ्या टीमकडे जाणार.

ठरवलं: लॉगिंगची, म्हणजे कोणी काय केलं याच्या नोंदींची, उतरंड. वर मूळ, खाली विभाग, त्याखाली उपविभाग. वरच्याने गप्प म्हटलं की खालची पिलावळ गप्प. लेकीला फोनवर समजावलं. अगदी आपल्या घरासारखं आहे गं आई, म्हणाली. बरं वाटलं.

४ मार्च
डिझाइन निर्दोष. मेमरीचं काम बघणाऱ्याला ऑफिसात घुम्या म्हणतात. आज नेमका बोलला. नोंद लिहायला जागा कुठून आणणार म्हणे. म्हटलं, तुझ्याकडून. मुकाट्याने द्यायची आणि दिल्याची नोंद करायची.

५ मार्च
कर्नल आता पूर्वीपेक्षा लवकर बंद पडतो. प्रगती आहे. स्क्रीनभर एकच ओळ: 'मेमरी: जागा दिली.' म्हणजे दोष मेमरीचा. घुम्याला झापलं. तो म्हणे, मॅडम, जागा दिली की नोंद, नोंदीला पुन्हा जागा, तिची पुन्हा नोंद. यात कर्नलने जगायचं कधी? सबबी सांगू नकोस म्हटलं.

६ मार्च
उतरंडीत आणखी दोन पायऱ्या वाढवल्या. शिवाय प्रत्येक नोंदीवर शिक्का: सूचना की इशारा. कर्नल ढिम्म.
नवरा दारात येऊन म्हणाला, जेवण गार होतंय. ही सूचना की इशारा, विचारलं. तो ताट झाकायला गेला. वर्गीकरणाची सवयच नाही माणसांना.

७ मार्च, शुक्रवार
कर्नल ग्राहकासमोर दिवसभर चालला. काम आपल्याकडेच! उतरंड फळाला आली.

साहेबांनी पाठ मात्र घुम्याची थोपटली. घुम्याला जाब विचारला. मूळ चूक मंगळवारीच साध्या छापलेल्या ओळीवरून सापडली, काढली, म्हणाला. मग बुधवारी, गुरुवारी काय अडलं होतं? तुमचं लॉगिंग, म्हणाला. आज सकाळी तेवढं काढून टाकलं.

साहेबांना गाठलं. लॉगिंग परत कधी घालायचं, विचारलं. राहू द्या तूर्त, म्हणाले, गरज पडलीच तर सांगू.
म्हणजे तत्त्वतः मंजूर.