सात नंबरचे ब्रेक

३ मार्च, सोमवार

सूनबाई आजपासून खाणीत. सुरक्षा अधिकारी म्हणून! सकाळी तिघं एकाच बसने गेलो — मी, मुलगा आणि ती. गेटवर उतरल्यावर म्हणाली, "बाबा, आत मी तुम्हाला फोरमन म्हणेन. चालेल ना?" चालेल म्हटलं. वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली, इतक्या अदबीने हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

मुलाची काळजी वेगळीच. तो सात नंबर चालवतो — शंभर टनी डंपर, चाक माणसापेक्षा उंच. टेकडीवर भरायचा आणि उतारावरून खाली आणायचा. म्हणाला, "घरी माझ्या चुका काढते त्या काय कमी होत्या?"

६ मार्च, गुरुवार

तिने सगळ्यांना कॅन्टीनशेजारच्या खोलीत बसवलं. आमचा तपासणीचा फॉर्म टेबलावर ठेवला. एकशे बारा प्रश्न. गमबुटाचे तळवे झिजलेत का, इथपासून सगळं.

म्हणाली, "यातल्या कशाकशाने माणूस मरतो, तेवढं सांगा."

एकेक निघायला लागलं. कडा कोसळून. सुरुंग अवेळी उडून. भरलेल्या गाडीचे ब्रेक उतारावर जाऊन. करता करता फळ्यावर नऊ गोष्टी झाल्या. प्रत्येकीपुढे तिचे तेच तीन प्रश्न — हे होऊ नये म्हणून नेमकं काय केलंय? ते आज चालतंय का? कुणी जाऊन डोळ्यांनी पाहिलं?

तिसऱ्या प्रश्नाला एकेकजण खाली फॉर्मकडे बघायला लागला. मीही.

बाहेर आल्यावर सुरुंगवाला — आमच्यातला सगळ्यात खडूस माणूस — मला म्हणाला, "तुझी सून वकील व्हायची, वाट चुकून इकडे आली." त्याच्या तोंडून हे म्हणजे कौतुकच. मला उगाच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.

८ मार्च, शनिवार

टेकडीच्या रस्त्याला दरीच्या बाजूने मातीचा बांध आहे, गाडी घसरलीच तर अडावी म्हणून. निदान अर्ध्या चाकाइतका उंच हवा. तिने टेप लावून मोजला. वळणावर गुडघ्याएवढाच! लगेच वाहतूक बंद. मोठे साहेब तणतणत आले. ती वाद घालत बसली नाही. त्यांना वळणावर नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "सर, इथून खाली बघा."

साहेबांनी बघितलं. मग स्वतःच फोन करून डोझर मागवला.

११ मार्च, मंगळवार

आज वर्कशॉपात आली. ब्रेक चाचणीची फाईल मागितली. दिली. अकरा गाड्या, दर रविवारी चाचणी, प्रत्येक पानावर "ठीक", खाली माझी सही. तिने पानं सावकाश उलटली. फाईल मिटून परत दिली. "बरं, फोरमन." गेली.

हुश्श झालं.

इथे खरं लिहितो, आणखी कुठे लिहिणार? चाचणीच्या उतारावर पाच आठवडे झाले पंपाचे पाइप रचून ठेवलेत. भरलेली गाडी तिथे नेताच येत नाही. पाइप हलवा म्हणून दोनदा सांगितलं, मग सांगायचं सोडून दिलं. सपाटीवर रिकाम्या गाडीचा ब्रेक दाबून बघतो आणि "ठीक" लिहितो. इतक्या वर्षांनी पायाला कळतं, अशी स्वतःची समजूत घालतो.

तिला मात्र सांगायला तोंड उघडलं नाही. एवढ्या मानाने फोरमन म्हणते.

१५ मार्च, शनिवार

सुरुंगवाल्याने आज स्वतःहून तिला बोलावलं. "मॅडम, उडवायच्या आधी एकदा तुम्ही बघून जा." कानांवर विश्वास बसेना.

१९ मार्च, बुधवार



सकाळी गेलो तर पाइप हलवलेले. उतार मोकळा. सूनबाई खाली उभी. "फोरमन, सगळ्या गाड्यांची चाचणी. भरलेल्या. आजच."

सहा गाड्या झाल्या, सहाही जागच्या जागी थांबल्या. मला धीर आला. मग सात नंबर. मुलगा शिडीला हात घालणार, तोच मी म्हटलं, "थांब. ही मी चालवतो." का म्हटलं ते तेव्हा कळलं नाही, आता कळतंय. तिने माझ्याकडे पाहिलं. "बेल्ट लावा."

उताराच्या मध्यावर आखलेल्या पांढऱ्या रेघेशी ब्रेकचं पेडल दाबलं. गाडी मंदावली. थांबली असं वाटलं, आणि थांबलीच नाही. पाय पार तळाला टेकलेला आणि शंभर टन माल हळूहळू मला खाली घेऊन चालला. हँडब्रेक ओढला, तोही धरेना. शेवटी पायथ्याच्या वाळूच्या ढिगात आसापर्यंत रुतली, तेव्हा कुठे उभी राहिली.

खाली उतरलो. सगळे जमले होते. म्हटलं, "सहा आठवडे चाचणी झालेली नाही. सह्या माझ्या आहेत, खोट्या आहेत."

मुलगा वर टेकडीच्या रस्त्याकडे बघत राहिला. रोज चौदा फेऱ्या मारतो तिथून.

२० मार्च, गुरुवार

मुलगा बोलत नाही. ही मला म्हणाली, "अहो, निदान जेवून तरी घ्या," आणि स्वतःही न जेवता उठली.

संध्याकाळी सूनबाई समोर येऊन बसली. "बाबा, अहवालात तुमचं नाव घालावं लागलं."

"घालायलाच हवं."

"नोकरी जाईल कदाचित."

"जाऊ दे."

ती उठेना. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण बोलली नाही. मीच म्हटलं, "तू होतीस म्हणून पोरगा वाचला." तशी खाली मान घालून आत गेली. माझ्या घरात असं माणूस आलं! मी एकतीस वर्षांत जे करायला हवं होतं, ते तिने अडीच आठवड्यांत केलं.

२४ मार्च, सोमवार

चौकशी. मोठ्या साहेबांनी अहवाल सगळ्यांसमोर वाचला. आधी माझ्या सह्या. मग पुढचा परिच्छेद — "चाचणीच्या उतारावर पाइप आहेत हे मी ११ तारखेला सकाळी पाहिलं होतं. फाईल बघताच चाचण्या खोट्या असल्याची मला खात्री झाली. फोरमन माझे सासरे आहेत. ते आपणहून सांगतील म्हणून मी आठ दिवस थांबले. ते आठही दिवस सात नंबर भरून टेकडीच्या रस्त्यावरून खाली येत होती."

साहेब म्हणाले, "एवढा भाग गाळला तरी चालेल."

ती म्हणाली, "राहू द्या, सर."

माझा मान राखायला तिने आठ दिवस स्वतःच्या नवऱ्याला त्या गाडीत बसू दिलं. मी तोंड उघडायची वाट बघत राहिली. मी उघडलं नाही.

आणि हे अहवालात लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला कधी कळलंही नसतं.