मी शांत आहे, नाडी ऐकत नाही

सोमवार, ३ तारीख. सकाळ.
दाखल झालो. पित्ताशयात खडे आहेत. उद्या पित्ताशयच काढणार. दुर्बिणीने. किरकोळ काम. मी एकदम शांत. ऑफिसात ‘तणावमुक्त जगा’ हे शिबिर मीच घेतो, त्यामुळे या विषयात माझा हात कोणी धरू शकत नाही. बायको मात्र घाबरलीय. तिला सांभाळायचं माझ्यावरच आलं.

दुपार.
नर्सने बीपी घेतलं. भलतंच जास्त. यंत्र बिघडलंय म्हणालो. तिने दुसरं आणलं. तेही बिघडलेलं. साखरही वाढलेली निघाली. मला डायबेटिस नाही!

संध्याकाळ.
भूल देणाऱ्या डॉक्टरबाई येऊन गेल्या. म्हणे आजारपणात आणि ऑपरेशनच्या धास्तीने ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल असली हार्मोन्स वाढतात. बीपी, नाडी, साखर त्यांच्यामागे धावतात. मी म्हणालो, पण मी शांत आहे. बाई म्हणाल्या, “तुमचं डोकं म्हणतं ऑपरेशन. शरीर म्हणतं, कुणीतरी सुरी घेऊन येतंय. शरीराचं काही चुकत नाही.”
ऑपरेशन एक दिवस पुढे. बाईंना दीर्घ श्वसन समजावून सांगायचं राहिलं.

मंगळवार, ४.
संकल्प: दिवसभर दीर्घ श्वास, चेहऱ्यावर स्मित. शेजारच्या खाटेवरचे आजोबा अर्ध्या तासात म्हणाले, श्वास जरा हळू घ्या, डोळा लागत नाही. लोकांना सवय नसते.

दुपार.
घरी जाऊन नीट शांत होऊन परत यावं, असा साधा विचार होता. लिफ्टपर्यंत पोचलो. वॉचमनने डिस्चार्जचा कागद मागितला. शिवाय गाऊनच्या मागच्या नाड्या सुटल्या होत्या, हे त्यानेच सांगितलं. परत खाटेवर. बायकोने नाड्या बांधल्या. जरा जास्तच घट्ट.

बुधवार, ५. सकाळ.
गोळी दिल्यावर बीपी उतरलं. श्रेय श्वसनाला. आता नेतायत. अक्षर हलतंय ते चाकांच्या खाटेमुळे.

गुरुवार, ६. सकाळ.
झालं काल. पोटावर चार पट्ट्या, हाताला सलाईन, बोटाला नाडीचं यंत्र. कूस बदलायची तरी परवानगी काढल्यासारखं वाटतं. यंत्र सारखं ओरडतं. साखर अजून चढलेलीच. बाई म्हणाल्या, शरीराला जखम म्हणजे जखम. ते साखरेचा सगळा साठा बाहेर काढतं, एक-दोन दिवसांत निवळेल. मी म्हणालो, मी आजच निवळवतो.

शुक्रवार, ७. घरी.
निघताना नाडी, बीपी, साखर, सगळं ताळ्यावर होतं. नर्सला म्हटलं, माझी पद्धत इतर पेशंटना जरूर सांगा. तिने विचारलं, कोणती? काल दुपारी यंत्र गप्प झालं तेव्हा मी चक्क झोपलो होतो म्हणे. झोपेत बायकोचं मनगट पकडलं होतं. तिने जेवायला हात सोडवला की यंत्र ओरडायचं, म्हणून ती स्टुलावर तशीच बसली आणि डाव्या हाताने जेवली.
बायकोला विचारलं, खरं का. ती पिशवी भरत होती. “हात जरा अवघडला होता,” एवढंच म्हणाली.
गाडी आली. ती पुढच्या सीटवर बसायला निघाली. मी म्हणालो, मागेच बस.
तिने कारण विचारलं नाही. बरं झालं.