स्वसंरक्षण, पण कोणापासून?

श्रीमान दादासाहेबांच्या चरणी (डावा गुडघा अद्याप सुजलेला असल्यास केवळ उजव्या चरणी) भगिनीपतीचा साष्टांग नमस्कार. वहिनींची कंबर आणि आपला रक्तदाब आपापल्या मर्यादेत असावेत. इकडील क्षेम विचाराल, तर ते संशयास्पद आहे.

आपल्या भगिनीने मला न विचारता माझे नाव प्राथमिक स्वसंरक्षण वर्गात घातले. मी छत्री विसरून निघालो तरी जी साध्वी मागून हाक मारीत नाही, तिला माझ्या देहरक्षणाची चिंता अकस्मात का ग्रासावी? त्यातून ती विमा कार्यालयात नोकरीस. माझ्या विम्याची रक्कम वाढवली की काय, असे मी आडून आडून विचारले. "तुमची? साहेब मंजूर करायचे नाहीत," ती म्हणाली. (हा दिलासा की अपमान, याचा निर्णय राखून ठेवला आहे.)

वर्ग एका लाँड्रीच्या माडीवर भरतो. खालून इस्त्रीची वाफ, वर रबरी चटया, आणि मध्ये आम्ही शिजत असतो. गुरू म्हणजे निवृत्त व्यायामशिक्षिका. मूर्ती कृश, परंतु नजरेने खिळा ठोकील अशी. प्रथम पाठ असा, की आक्रमक जवळ येताच ओरडावे. माझी पाळी येताच मी धीरगंभीर स्वरात गर्जलो, "महाशय, कृपया दूर व्हावे." बाई म्हणाल्या, "काका, त्याला हाकलताय की बसायला खुर्ची देताय?" सारे हसले, आणि त्यांत सर्वांत मोठ्याने आपली भगिनी, कारण तिने स्वतःचेही नाव घातले होते. येथे माझा संशय बळावला. जिच्या नुसत्या खाकरण्याने दारावरचे विक्रेते जिना उतरतात, तिला हे शास्त्र कशाला?

द्वितीय पाठ मनगट सोडवण्याचा. पकड कितीही घट्ट असो, तिचा कच्चा दुवा अंगठा. त्या दिशेने हात पिळून हिसका द्यावा. (आजवर मला अनेकांनी अंगठा दाखवला; तो इतका दुर्बल असतो हे ठाऊक नव्हते.) जोडीला आपली भगिनी. तिने माझे मनगट आवळले आणि सहज म्हणाली, "मला बढती मिळालीय. दादाच्या गावच्या शाखेत, वर्षभरासाठी. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय."

"हे घरी सांगता आले नसते?"

"घरी तुम्ही भाषण केलं असतं. इथं धरून ठेवता येतं. आणि रात्री घरात एकटं राहायची भीती तुम्हाला वाटते, मला नाही. म्हणून नाव घातलं तुमचं."

"मग तुझे का घातलेस?"

"एकटे आला असता?"

"काका, पिळा की हात," बाई ओरडल्या. शास्त्र मुखोद्गत होते, तरी हात मी सोडवला नाही. (वाफेने सांधे आखडतात.) अखेर तिनेच सोडला.

लोभ आहेच, तो तपासण्याची वेळ आणू नये.

आपला साशंक,
भगिनीपती

ता. क. तिला मी 'जा' म्हटले. संमती तिने मागितली नव्हती, तरीही दिली.

आणखी ता. क. पत्राचे खरे कारण असे. वर्षभर ती आपल्याकडेच राहील. (मागच्या खोलीला घाईने रंग का दिलात, ते आता उमगले.) तरी आदरातिथ्य बेताचे असावे. सकाळी आयता चहा आणि भाचरांचे कौतुक सुरू झाल्यास मुदतवाढ मागण्याची वृत्ती जडते. मागची हवेशीर खोली तर मुळीच देऊ नये. गळक्या नळाशेजारची पुरे.

शेवटचा ता. क. हवेशीरच द्यावी. नळ टपटपत असला की तिला झोप लागत नाही, आणि हे ती आपणांस कधीही सांगणार नाही.