डॅलस, बोस्टन आणि श्रेयाचं घर

३ नोव्हेंबर, सोमवार

श्रेयाला दोन मागण्या आल्यात. दोन्ही अमेरिकेच्या!

रामनाथभाऊजी पहाटे गावाकडून, आण्याहून निघाले ते थेट घोडेगावात माझ्या दुकानात. बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यांची रांग, झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद अडकलेला, आणि भाऊजी दारातूनच— ‘वहिनी, एक पोरगा डॅलसचा, एक बोस्टनचा! पोरीनं नशीब काढलं!’ सगळ्या रांगेला कळलं. दोन्ही मुलं डिसेंबरात सुट्टीवर येणार. त्याआधी आपलं हो-नाही कळवायचं.

हे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून घरात मोठे म्हणजे हे दीरच. मनाने चांगले आहेत. पण त्यांच्या शब्दावर पोरगी द्यायची म्हणजे— बघू.

४ नोव्हेंबर, मंगळवार

श्रेयाला हिंजवडीला फोन केला. ‘दोघांशी बोलते आई, मग सांगते.’ म्हटलं, तू मुलांशी बोल, घर मी बघते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बघणार म्हणजे बघणारच! माझ्या वेळी घर बघायला माहेरून, अवसरीहून आण्याला सात जण गेले होते. सातही पुरुष. आमटी-भाकरी ओरपून आले आणि म्हणाले, ‘घर लई चांगलं हाय.’ पाण्याचं एकानेही विचारलं नव्हतं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी हंडा हातात दिला. विहीर दीड किलोमीटर लांब! माहेरी परड्यात नळ होता आमच्या. यांची घोडेगावला पंचायत समितीत बदली होईपर्यंत आठ वर्षं पाणी वाहिलं. अजून राग येतो. येतोच.

८ नोव्हेंबर, शनिवार

तहसील बंद, गिऱ्हाईक नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर.

तिकडे अमेरिकेत मोजताना नुसतं शहर धरत नाहीत, भोवतालचा सगळा पट्टा धरतात. डॅलसचा पट्टा चोवीस हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा पुणे जिल्हा साडेपंधरा हजार. म्हणजे दीड पुणे जिल्हा, आणि माणसं मात्र जिल्ह्यापेक्षा कमी! उलाढाल महाराष्ट्राहून जास्त. मी दोनदा ताडून बघितलं. बोस्टन त्या मानाने आटोपशीर— नऊ हजार चौरस किलोमीटर, पन्नास लाखांच्या आसपास माणसं, पण कमाईत तेही महाराष्ट्राला मागे टाकतं. घरभाडं डॅलसपेक्षा बरंच महाग.

भाऊजींना फोनवर सांगितलं. ‘मंग डॅलसच! अख्ख्या महाराष्ट्राला भारी म्हंजे काय राव!’

म्हटलं, ‘भाऊजी, ती उलाढाल काय श्रेयाच्या पर्समध्ये येणार आहे का?’

फोन ठेवला त्यांनी. बरं वाटलं मला.

९ नोव्हेंबर, रविवार

डॅलसचा मुलगा सूरज. त्याचा पत्ता मागवला. कसलं डॅलस! डॅलसपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वर, फ्रिस्को नावाचं गाव. तणतणत श्रेयाला फोन केला— फसवतोय मुलगा!

ती हसत सुटली. ‘आई, माझ्या बायोडेटावर तू काय लिहिलंस? पुणे! घोडेगाव पुण्यापासून किती लांब आहे गं?’

फ्रिस्कोची तक्रार तिथेच सोडली.

‘आणि आई, सूरजशी बोलणं झालं. तो म्हणत होता की—’

‘थांब, मला आधी किराणा किती लांब आहे ते बघू दे,’ म्हटलं आणि फोन ठेवला.

गूगलच्या नकाशात एक छोटा पिवळा माणूस असतो, तो उचलून रस्त्यावर ठेवला की तिथले फोटो दिसतात. त्याला सूरजच्या दारातून दुकानापर्यंत नेलं. तीन किलोमीटर! रस्ता आपल्या नाशिक हायवेपेक्षा रुंद, कडेला हिरवळ, आणि चालणारं माणूस एकही नाही. अर्धा तास बघत होते. बोस्टनला भरत नावाचा मुलगा आहे, त्याच्या दारातून निघालं की पाच मिनिटांत दुकान, दहा मिनिटांत रेल्वे, बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या. घरं जुनी, दाटीची. माझं मन बोस्टनकडे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गोजरबाई आली होती रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायला. भीमाशंकरकडच्या डोंगरातून दोन गाड्या बदलून येते बिचारी. स्क्रीनवर डॅलसचा तो रस्ता होता.

‘येवडा रस्ता, आन् मानूस न्हाई? मंग अडचणीला हाक कुनाला मारायची?’

मलाही तेच वाटत होतं.

‘पानी हाय का?’

‘आहे की. चोवीस तास.’

‘मंग पोरगा कसा हाय?’

‘ते श्रेया बघतेय,’ म्हटलं आणि तिचा अंगठा घेतला मशीनवर. तीनदा घ्यावा लागला. हात झिजलेत तिचे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बोस्टन संपलं!

भरतला फोन लावला होता. बर्फ किती महिने, दिवस किती वाजता मावळतो, शेजारी कोण, आजारी पडलं तर दवाखान्याचं कसं— सतरा प्रश्न लिहूनच बसले होते. बाराव्यालाच म्हणाला, ‘काकू, लग्न मुलीचं करायचंय की शहराचं?’ उद्धट मेला! तासाभरात त्यांचा नकार.

श्रेयाला कळवलं. ‘बरं झालं,’ म्हणाली. वाईट वाटलेलं दिसलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सूरजने व्हिडिओवर सगळं घर फिरवून दाखवलं. मोरी, ओटा, खिडक्या, वॉशिंग मशीन. खालच्या मजल्यावर नांदेडचं कुटुंब आहे. ‘गाडी महिन्याभरात शिकवतो काकू, इथं गाडीशिवाय हलता येत नाही, हे खरंय.’ लपवाछपवी नाही. मुलगा आवडला, खोटं कशाला बोलू.

श्रेयाचा लगेच फोन. ‘आई, मला तुझ्याशी निवांत बोलायचंय.’ म्हटलं, पुढच्या रविवारी ये, पुरणपोळी करते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अठरा वर्षं लोकांचे फॉर्म भरतेय. फॉर्मची मागची बाजू आधी वाचायची, ही सवय. आज व्हिसाचं वाचलं. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तिथं नोकरी करता येत नाही! नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा ठरावीक टप्पा मंजूर झाला तरच परवानगी.

सूरजला विचारलं. ‘हो काकू. माझा तो टप्पा यायला तीनेक वर्षं लागतील.’ तोवर काय, म्हटलं. तर म्हणाला, ‘ते श्रेया सांगेल तुम्हाला.’

बघा! ढकललं पोरीवर!

आग लागो त्या उलाढालीला! महाराष्ट्राएवढी कमाई त्या गावाची, आणि त्यात माझ्या इंजिनिअर पोरीला एक डॉलर मिळवता येणार नाही. आज तिची स्वतःची खोली आहे, स्वतःची स्कूटी आहे. तिथं मीठ संपलं तरी नवऱ्याला म्हणायचं, गाडी काढ. तीन वर्षं! मी हंडा घेऊन निदान चार बायकांबरोबर तरी चालत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नकार कळवला. सूरजच्या आई मोहिनीताई, मंचरला असतात. ‘का हो? काही चुकलं का आमचं?’ म्हणाल्या. आवाज पडला त्यांचा. आमचं जमत नाही, एवढंच बोलले.

भाऊजी भडकले. ‘हातातोंडाशी आलेला घास घालवला! वहिनी, तुमी लई शहाण्या!’

आहेच मी शहाणी. माझ्या वेळी असं एखादं शहाणं माणूस असायला हवं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

श्रेया आली. उंबऱ्यातच उभी राहिली. नकार सूरजकडून कळला होता तिला.

व्हिसाचं सूरजने तिला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. दोघांचं ठरलंही होतं. ती डॅलसला एम.एस.ला प्रवेश घेणार, स्वतःच्या व्हिसावर जाणार, त्यावर पुढे नोकरीही करता येते, लग्न त्यानंतर. प्रवेशाचा फॉर्म आज माझ्याच दुकानात बसून भरायचा होता तिला.

ओरडली असती तरी चाललं असतं. हळूच म्हणाली, ‘सूरजला नाही म्हणालीस. मला विचारलंस का?’

नाही विचारलं.

पुरण तसंच आहे. तीनच्या गाडीने परत गेली. मोहिनीताईंना चार वेळा फोन लावला. उचलत नाहीत.