बोटाला लागलेला गूळ

आबा, आज सकाळी बोट टोचताना तुमची आठवण आली. मलाही साखर निघाली आहे. घरच्या मशीनवर एक आकडा येतो, लॅबमध्ये दुसरा, आणि तीन महिन्यांचा अंदाज देणारी तपासणी त्या दोन्हींपेक्षा वाईट बातमी देते. लॅबमधली मुलगी म्हणाली, "मॅडम, उपाशीपोटीची साखर वेगळी, जेवल्यावरची वेगळी. आकडे जुळले नाहीत म्हणून ते खोटे नसतात." तुम्हाला असं कुणी समजावून सांगितलं असतं तर? दिवसभर मनात तेवढंच घोळत राहिलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ती वर्षं. आपल्या गावच्या, वरकुट्याच्या गुऱ्हाळावर तुम्ही गुळव्या. काहिलीतला पाक पाण्यात सोडून दोन बोटांत त्याची गोळी वळायचात आणि म्हणायचात, "उतरवा." मग कुणी दुसरं विचारत नसे. गावात बारामतीच्या डॉक्टरांचं शिबिर आलं तेव्हा तुम्ही तिथूनच, हात टॉवेलला पुसत आलात. बोट टोचलं, मशीनवर चारशेच्या वर आकडा. आईनं तिथंच तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बारामतीला गेलो, दंडातून रक्त दिलं, तर आकडा दीडशेच्या आत. डॉक्टर म्हणाले, "साखर आहेच. गोळ्या सुरू करा, जेवल्यावरची पण बघू." तुम्ही ऐकलंत ते फक्त दीडशे.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसला आहात, आपल्याच बोटांकडे बघत. इंदापूर यायच्या आधीच तुम्हाला उलगडा होतो आणि तुम्ही मोठ्यानं हसता. "आगं पोरी, बोटाला गूळ व्हता! मशीननं माझा गूळ मोजला, रगत न्हाय." मग गुऱ्हाळावर रोज हीच गंमत. चुलवाणात जाळ घालणारा विचारायचा, "आबा, आज बोट काय भावानं?" तुम्ही बोट चाटून म्हणायचात, "एक लंबर माल हाय." आम्हीही हसायचो. तुमचं बरोबरच होतं, आबा. त्या दिवशी बोटाला गूळच होता. तेवढ्या एका गोष्टीत तुम्ही बरोबर ठरलात, आणि तिथंच सगळं संपलं. एक आकडा खोटा निघाला म्हणून तुम्ही बाकीचे सगळेच खोटे धरलेत. पुढं जेवल्यावरची साखर अडीचशे निघाली, तेव्हा म्हणालात, "ह्यांचं एकाचं एकाशी जुळंना. माझ्या दोन काहिली अशा निघाल्या तर मला कोण ठिवंल?" गोळ्यांची पुडी देव्हाऱ्यामागं तशीच राहिली.

मग एका हंगामात पायावर पाक उडाला. संध्याकाळी आईनं फोड पाहिला. "आवो, हे कवा भाजलं?" तुम्ही खाली वाकून बघितलंत आणि म्हणालात, "काय भाजलं?" त्या दोन शब्दांची भीती मला आजही वाटते. उकळता पाक पायावर पडला आणि तुम्हाला कळलंच नव्हतं. जखम भरली नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग तुम्ही. पुढच्या हंगामात काहिलीपाशी दुसराच गुळव्या होता, आणि गूळ तसाच निघत होता.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी करून मशीनच्या डबीत ठेवते आहे. एक मात्र तुम्हालाच सांगते. आज सकाळी साबणानं हात धुऊन बोट टोचलं, तरी आकडा जास्त आला. परत धुतलं, कोरडं केलं, दुसरं बोट टोचलं. आकडा तेवढाच. बोटाला गूळ असेल, असं क्षणभर खरंच वाटलं, आबा. तुम्ही गेल्यापासून आमच्या घरात गूळ आलेला नाही.