नाकापासून मोजायचं

३ नोव्हेंबर २००३
विन्याचं विमान आज परत ढुंगनावर बसलं. कॉम्प्युटरमधे उडवायची विमानं बनवतो आमचा मुलगा. रंग, दारं, पट्टे, सगळं बेस. पन धावपट्टीवर उभं केलं की नाक वर, शेपूट खाली. कुत्रा बसतो तसं. ह्याच्यासाठी एअरपोर्टची पर्मनंट नोकरी सोडली. कोनाकोनाचे पाय धरून लावली होती मी. बत्तीस वर्षांचा घोडा.

४ नोव्हेंबर
ठरलं. रविवारी विमान शिकवनाऱ्या क्लासचे सर मुंबईहून येनार, इथे जूचंद्रला. विमान पसंत पडलं तर विन्याला क्लासात काम. नाही तर सोमवारी एअरपोर्टच्या जुन्या साहेबासमोर जाऊन उभा राहीन म्हनाला. नुसतं तोंडी नको, आईच्या डोक्यावर हात ठेव म्हटलं. ठेवला.
म्हंजे मी फक्त गप बसायचं. पाच दिवस.

६ नोव्हेंबर
नाही जमलं. अठ्ठावीस वर्षं लोडर होतो एअरपोर्टवर. चुकीचं भरलेलं विमान समोर असलं की घास उतरत नाही.
"मागे वजन झालंय. पुढे घे."
"बाबा, वजनाचा मध्य पुस्तकातून घेतलाय. सात फूट."
"कुठून सात?"
"शून्यापासून मागे. प्रोग्राममधे शून्य पंखाजवळ असतो."
"आनि पुस्तकवाल्याचा? आमच्यात नाकापासून मोजायचे."
पुस्तक उघडलं. नाकापासूनच. त्याचं तोंड बघन्यासारखं. नाकापासूनचे सात ह्यानं पंखापासून धरले, वजन गेलं शेपटीत. सातवी पास मानसाला कळतं ते एवढे कोर्स करून नाही.

७ नोव्हेंबर
त्यानं शून्यच उचलून नाकावर ठेवला. पंख, चाकं परत मोजून लावली. विमान नीट उभं. मग पायलटच्या जागेवरून बघतो तर काच नाही, घड्याळं नाहीत, नुसती धावपट्टी. पायलटचा डोळापन त्याच शून्यापासून मोजलेला, तो हलवायचा राहिला. मानूस नाकाच्या पुढे, हवेत बसलेला.
मी हसलो. ही पन हसली. तो नाही.
"तुम्ही मुद्दाम घोळ घातलात. सोमवारी मला तिकडे पाठवायला."
मुद्दाम! तसं करायचं असतं तर तोंडच उघडलं नसतं, गाढवा.
जेवलो नाही.

८ नोव्हेंबर
पायलट आत आला. आता डोळ्याची उंची जमेना, ती पुस्तकात नाही. मला खुर्चीवर बसवलं. बोलत नाही, नुसतं बोटाने विचारतो. समोरचं एवढंच दिसतं का? मी म्हटलं, डोळा आनखी खाली घे. घेतला.
कॉकपिटमधे मी कधी चढलोच नाही. अठ्ठावीस वर्षं विमानाच्या पोटात, सामानात. ते काय त्याला सांगायचं.

९ नोव्हेंबर, रविवार
सर आले. चहा नको, पानी नको. सरळ कॉम्प्युटरसमोर. उडवलं, उतरवलं.
"बॅलन्स झकास आहे. इथेच सगळे चुकतात."
विन्या फुलला.
"पण पायलट बुटका केलाय. उतरताना पुढचं काही दिसत नाही. ह्यावर पोरं शिकली तर खरं विमान आपटतील. डोळा कोणी ठरवला?"
आता माझं नाव घेनार. मी तयार.
"मी," विन्या म्हनाला.
सर म्हनाले, कळवतो. रिक्षात बसून गेले. हो नाही, नाही पन नाही.
ते गेल्यावर मी विन्याला विचारलं, शहानपना कोनी सांगितला होता? उपकार करतोस? तर दार आपटून आत.

१० नोव्हेंबर
सकाळी साडेसात. हिनं डबा भरला. तो बूट घालून तयार, जुन्या साहेबाकडे जायला. मी सांगून टाकलं, कॉकपिट मी बघितलेलं नाही.
"माहीत आहे. लोडरला वर कोण चढवतंय?"
"मग ऐकलंस कशाला माझं?"
लेस आवळत बसला.
"डोळा चार बोटं वर घे," म्हटलं.
बुटासकट कॉम्प्युटरसमोर बसला. ही दारातून, "अहो, त्याची गाडी जाईल. सांगा ना काहीतरी."
शब्द मीच घेतलाय. जा म्हनायचं की नको जाऊ, मीच बोलायचंय. त्याचं एक बोट झालंय वर. मी म्हटलं, अजून तीन बाकी.