हललेल्या राजाचा किल्लेकोट

प्रिय भाऊजी,

तुम्हाला आणि जाऊबाईंना वहिनीचे आशीर्वाद. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून भांडतो, ते कळवा. माझी प्रकृती बरी आहे, म्हणजे तक्रार ऐकायला कोणी नसल्यामुळे ती आपली आपण बरी झाली आहे.

लिहायचं कारण बुद्धिबळ. हसू नका. तुम्ही दोघे भाऊ एकतीस वर्षं पोस्टकार्डांवरून खेळलात (एका खेळीला एक कार्ड, त्यावर ना ख्यालीखुशाली ना सही), तेव्हा तो पट माझ्या लेखी धूळ बसायची आणखी एक जागा होता. हे गेले तेव्हा डाव अर्धा होता आणि खेळी यांची होती. पाच महिने मी एकाही मोहऱ्याला हात न लावता भोवतीनं फडकं फिरवलं. मग वाटलं, माणूस गेला म्हणून त्याची खेळी बुडवायची का? वाचनालयातून पुस्तक आणलं.

पहिलंच प्रकरण राजाचं. राजा कुठल्याही दिशेला जातो, पण एकच घर, आणि जिथे मार बसेल तिथे पाऊल टाकत नाही. धावपळ बाकीच्यांनी करायची. यात मला नवीन काही शिकल्यासारखं वाटलं नाही (असा संसार मी केलाच होता, शेवटच्या वर्षी तर पलंगावरून खुर्ची एवढंच एक घर, तेही माझ्या खांद्यावर हात ठेवून). पुढे किल्लेकोट आला. एकाच खेळीत राजा हत्तीच्या दिशेनं दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे लगत पहाऱ्याला उभा राहतो. मधली घरं रिकामी हवीत, राजाला शह नको, तो जिथून जाणार आणि जिथे पोचणार तिथेही मार नको. पटावर पाहिलं, सगळं जुळत होतं. यांचा राजा मधोमध उघडा, तुमचा वजीर त्याच्यावर डोळा ठेवून. मी किल्लेकोट केला, कार्ड टाकलं आणि त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

तुमचं उत्तर आलं, प्यादं एक घर पुढे. ते कार्ड आणि यांची खेळ्या टिपायची वही घेऊन मी ग्रंथपालांकडे गेले. (मिरवायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू.) त्यांनी वही चाळली आणि चष्मा काढला.

"बाई, हा राजा नवव्या खेळीला हललाय. एकदा हलला की किल्लेकोट नाही."

"पण अकराव्या खेळीला परत जागेवर आला ना?"

"आला. पण हललाच ना."

मी वही मिटून घरी आले. भाऊजी, यांना दवाखान्यातून आणून त्याच खुर्चीत बसवलं, तेव्हा मीही सगळ्यांना हेच सांगत होते, परत जागेवर आले म्हणून. तुम्हालाही सांगितलं होतं. तेव्हाही तुम्ही काही बोलला नव्हता.

यांनी एकदा घोड्याचं घर चुकीचं लिहिलं, तर "लिहिलं ते लिहिलं" म्हणून तुम्ही सख्ख्या भावाचा घोडा गिळलात. आणि माझा अख्खा राजा नियम मोडून पळाला, तर मुकाट्यानं प्यादं ढकलता? अक्षर माझं होतं म्हणूनच ना? इथे भाजीवाला मला न मागता जास्तीचं घालतो, शेजारीण माझ्यासमोर नवऱ्याशी भांडायची थांबते. निदान तुम्ही तरी भांडाल असं वाटलं होतं.

तेव्हा ती खेळी मी मागे घेतली आहे. हत्ती कोपऱ्यात. राजा फक्त एक घर उजवीकडे, नियमानं. तुमचं प्यादंही मागे घ्या.

तुमची वहिनी

ता. क. ग्रंथपाल म्हणतात, यावर तुम्ही दोन खेळ्यांत मात देता. द्या. माझ्यासाठी रेंगाळू नका.

आणखी एक. मात झाली की नवा डाव मांडते. पांढरी मोहरी माझी.

आणि खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. कार्डावर अजून यांचं नाव घालता, ते आता बंद करा, माझं घाला. पोस्टमन नवा आहे. यांच्या नावाचं काही आलं की दारातून विचारतो, "साहेब आहेत का?" आणि मी दर वेळी "आहेत, द्या इकडे" म्हणते.